रविवार, सात ते नऊ

नियमावलीत अकरा कलमं होती. त्यातलं मला लगेच पटलेलं एकच: कुठेही बसायच्या आधी खाली स्वतःचा टॉवेल टाकायचा. हिने कपाटातून पंचा काढून दिला. ठाण्याहून आणलेला, लाल काठाचा, धुऊन धुऊन मऊ झालेला. "टॉवेल कशाला भिजवता? हा लगेच वाळतो," म्हणाली. त्या संध्याकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा तीस-चाळीस अनोळखी माणसांसमोर संपूर्ण उघडा होऊन पोहणार होतो, आणि आमच्या घरात चर्चा चालली होती वाळवणाची.

आधी थोडं मागचं सांगतो, नाहीतर हे सगळं विचित्र वाटेल. (तरीही वाटेलच, पण निदान क्रमाने वाटेल.)

मी त्रेपन्न वर्षांचा. मूळचा ठाण्याचा, गेली एकोणीस वर्षं लंडनला, वेम्ब्लीत. एकतिसाव्या वर्षी माझ्या कमरेवर रुपयाएवढा पांढरा डाग आला आणि पाच-सहा वर्षांत तो पोट, मांड्या, पाठ असा पसरत गेला. कोड. चेहरा आणि हात वाचले, त्यामुळे बाहेरच्या जगाला पत्ताच नाही. ते लग्नानंतर आलं, हे माझ्या आईने नातेवाइकांना इतक्या वेळा सांगितलं की शेवटी मलाच शंका यायला लागली. मी मात्र सोपा उपाय केला: शर्ट काढायचाच नाही. गणपतीपुळ्याच्या समुद्रात मी बनियन घालून उतरलेला माणूस आहे.

दोन वर्षांपूर्वी मणक्यातली गादी सरकली. फिजिओथेरपिस्टबाईंनी पोहायला सांगितलं, आठवड्यातून एकदा तरी. आमच्या भागातल्या स्विमिंग पूलवर गेलो, पूर्ण बाह्यांचा चिकट टी-शर्ट आणि गुडघ्याखाली जाणारी पँट घालून. पाण्यात ती पँट फुग्यासारखी फुगायची. शेजारच्या लेनमधला एक गृहस्थ दर वेळी आदराने बाजूला सरकायचा. बहुधा त्याला माझं काहीतरी धार्मिक कारण असावं असं वाटत होतं. तीन वेळा गेलो आणि सोडून दिलं.

ही इथल्या सरकारी रुग्णालयात नर्स आहे. तिच्या वॉर्डात एक स्कॉटिश सहकारी होती, निवृत्तीला आलेली. बोलता बोलता ती म्हणाली की महिन्यातून दोन रविवारी ती 'कपड्यांशिवायच्या पोहण्याला' जाते. एक संस्था नगरपालिकेचा पूल बंद झाल्यावर दोन तासांसाठी भाड्याने घेते, एवढंच. ना जंगल, ना कुंपण, ना क्लब. हिने ते घरी येऊन जेवताना सांगितलं, जसं एखाद्या नवीन भाजीवाल्याबद्दल सांगावं तसं, आणि वर म्हणाली, "तुम्हाला पँट फुगायचा त्रास नाही तिथे."

मी हसलो. पण झोप लागली नाही.

पहिली भीती पोलिसांची. माझा नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा विचाराधीन होता आणि त्यात 'सच्चारित्र्य' अशी अट असते. परदेशात राहणाऱ्या माणसाच्या डोक्यात असले विचार आधी येतात, लाज नंतर. म्हणून कायदा वाचला. इंग्लंड आणि वेल्समध्ये नुसतं उघडं असणं हा मुळात गुन्हाच नाही. २००३ च्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात कलम ६६ आहे, पण त्यासाठी समोरच्याला भीती किंवा मनस्ताप व्हावा असा हेतू सिद्ध व्हावा लागतो. भाड्याने घेतलेल्या बंद पूलमध्ये, सगळे राजीखुशीने आलेले असताना, तो प्रश्नच येत नाही. हे वाचताना मिलिंद सोमण आणि मधू सप्रे आठवले. १९९५ ची ती बुटांची जाहिरात, अंगावर बूट आणि अजगर. आपल्याकडे तो खटला चौदा वर्षं चालला आणि २००९ मध्ये दोघं सुटले. म्हणजे तिथेही शेवटी गुन्हा ठरला नाहीच, फक्त तारखा पडल्या.

दुसरी भीती आपल्या माणसांची. ही पोलिसांपेक्षा मोठी. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ मध्ये स्थापन झालेलं, आणि उत्तर लंडनमधला निम्मा मराठी माणूस मला नावाने ओळखतो. तिथलं कुणी भेटलं तर? "अहो, भेटलं तर ते पण उघडेच असतील की," ही म्हणाली. तर्क बिनतोड होता, पण भीती तर्काने जात नाही.

अर्ज भरणं मला वाटलं होतं त्यापेक्षा कंटाळवाणं निघालं. ओळखपत्राची प्रत, आपत्कालीन संपर्क, नियम वाचल्याची खूण. मग एका बाईंचा फोन आला. आवाज थेट बँकेतल्यासारखा. आधी असल्या ठिकाणी गेला आहात का, कशामुळे यावंसं वाटलं, पोहता येतं का. मी कोड आणि मणका दोन्ही सांगितलं. त्यांनी मणक्याबद्दल दोन प्रश्न विचारले, कोडाबद्दल एकही नाही. मग थोड्या संकोचाने म्हणाल्या की एकट्या पुरुषांची यादी लांब आहे, बायकांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून ते संख्या सांभाळतात, तेव्हा पाच-सहा आठवडे थांबावं लागेल. बायको येणार असेल तर याच रविवारी या.

मी हिला विचारलं. "शरीरं मी आठवडाभर बघते," ती म्हणाली, "आणि त्याचे मला पैसे मिळतात. रविवारी फुकट कोण बघेल?"

सहा आठवडे थांबलो. या एकट्या पुरुषांच्या नियमावर पुष्कळ पुरुष कुरकुर करताना मी नंतर ऐकले. मला तो नियम योग्य वाटतो. सगळ्यांना सरसकट दार उघडलं तर महिन्याभरात तिथे फक्त पुरुष उरतील आणि मग ते वेगळंच काहीतरी होऊन बसेल.

आता तो रविवार. नोव्हेंबर, बाहेर सहा अंश, पाऊस. बसने पस्तीस मिनिटं. पूलच्या रस्त्याकडच्या काचांना आतून पडदे ओढलेले आणि जिथे पडदा पोचत नव्हता तिथे तपकिरी कागद चिकटवलेला, दिवाळीत दुकानाचं रंगकाम चालू असतं तसा. दारात यादी घेऊन एक गृहस्थ बसले होते. पूर्ण कपड्यांत, वर मफलर. त्यांनी नावावर टिक केली, फोन बॅगेत बंद करून लॉकरमध्ये ठेवायला सांगितलं आणि म्हणाले, "पाणी आज जरा गारच आहे, बॉयलरचं काहीतरी झालंय." बस, एवढंच स्वागत.

कपडे बदलायच्या खोलीतून पाण्यापर्यंत सोळा पावलं आहेत. तेव्हा मोजली होती, म्हणून माहीत. मी कपडे काढले, घडी घातली, परत उलगडून नीट घडी घातली, पंचा कमरेला गुंडाळला आणि मग माझ्या लक्षात आलं की चष्मा काढावा लागणार. माझा नंबर उणे सहा आहे. चष्मा काढल्यावर मला हातभर अंतरापलीकडचं जग म्हणजे ओल्या भिंतीवरचा रंग. म्हणजे त्या अख्ख्या पूलमध्ये ज्याला कुणाचंच काही दिसत नाही असा माणूस मीच, आणि मी दिसणार मात्र सगळ्यांना. हा अन्याय मला त्या क्षणी फार लागला. पंचा बाकावर ठेवला, भिंत धरत धरत गेलो आणि शिडीवरून उतरलो. पाणी खरंच गार होतं. तोंडातून "आई गं" निघालं.

पुढची दहा मिनिटं मी फक्त खांद्यापर्यंत बुडून उभा होतो. मग कळलं की कुणीही बघत नाहीये. हे सगळेच सांगतात, त्यामुळे मी त्यावर फार वेळ घालवत नाही. मला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. अंगावर कापड नसताना पोहणं ही पूर्णपणे वेगळी क्रिया आहे. पाणी कुठे अडत नाही. आणि माझ्या त्वचेला वीस-बावीस वर्षांत पहिल्यांदा पाण्याशी थेट ओळख झाली होती. मी चार फेऱ्या मारल्या, मग आठ. दोन जीवरक्षक, पिवळा टी-शर्ट आणि लाल चड्डी, उंच खुर्च्यांवर बसले होते. जवळून गेलो तेव्हा चष्म्याशिवायही त्यांच्या बसण्यात दिसला तो शुद्ध कंटाळा. ज्या कंटाळ्याने ते शनिवारी बुडबुडणाऱ्या माणसांकडे बघतात, त्याच कंटाळ्याने ते आमच्याकडे बघत होते. मला त्या कंटाळ्याचा फार आधार वाटला.

नऊला अर्धा तास असताना कॉफीच्या मशीनपाशी सगळे जमतात. प्लास्टिकच्या खुर्च्या, प्रत्येकीवर एकेक टॉवेल. माझा पंचा बघून दोघांनी तो कुठे मिळतो ते विचारलं. चष्मा घातला आणि तेव्हा कुठे माणसं दिसली. बहुतेक पन्नाशीच्या पुढची. पुरुष जास्त. गोरे फारच जास्त. एकाच्या पोटाला शस्त्रक्रियेनंतरची पिशवी लावलेली, एका बाईंच्या दोन्ही गुडघ्यांवर लांब व्रण. बोलणी काय? बॉयलर. निवृत्तिवेतन. गुडघे बदलायची प्रतीक्षायादी. कपडे काढले म्हणजे माणसं समान होतात असं कुणी म्हणत असेल तर त्याने इंग्लंडमध्ये येऊन बघावं. इथे माणसाचा वर्ग कपड्यांत नसतोच, जिभेत असतो. दोन वाक्यं बोलला की कळतं कोण खासगी शाळेतला आणि कोण प्लंबर.

आणि हो, आपल्याकडचा एक चेहरा होता. कॉफीचा तो अख्खा अर्धा तास आम्ही दोघांनी काळजीपूर्वक एकमेकांकडे बघायचं टाळलं. शेवटी कपडे घालताना तो शेजारी आला आणि हळूच म्हणाला, "केम छो?" केंटनचा गुजराती, औषधाचं दुकान. त्यानेच मला गाडीने घरापर्यंत सोडलं. वाटेत आम्ही फक्त वेम्ब्लीतल्या पार्किंगबद्दल बोललो.

त्यानंतर मी नियमित जायला लागलो. मग नवशिक्याचा उत्साह असतो तसा मला चढला आणि वर्षभरात मी या प्रकाराची इतर रूपंही बघून आलो. म्हणूनच हे लिहितोय, कारण मला सारखा एक प्रश्न विचारला जातो. (अर्थात हिच्याकडून. दुसऱ्या कुणाला माहीत नाही.) लोक यासाठी फ्रान्सला, स्पेनला, समुद्रावर जातात, आणि तुम्ही नोव्हेंबरात क्लोरिनच्या वासात काय करता?

मे महिन्यात त्या स्कॉटिश बाई आणि त्यांचे यजमान मला हर्टफर्डशरमधल्या एका जुन्या क्लबात घेऊन गेले. या क्लबांचा इतिहास मोठा आहे. १९२४ मध्ये एसेक्समधल्या विकफर्डला पहिला असा गट जमला. १९२९ मध्ये ब्रिकेट वुडच्या जंगलात 'श्पीलप्लात्स' सुरू झालं. नाव जर्मन, अर्थ खेळायचं मैदान. कल्पनाही जर्मनीहूनच आलेली. मुळाशी होतं ऊन. कोळशाच्या धुरात वाढलेल्या शहरांत मुडदूस आणि क्षय, आणि स्वित्झर्लंडमध्ये लेझाँला ऑग्युस्त रोलिए नावाचा डॉक्टर १९०३ पासून क्षयरोग्यांना उन्हात झोपवून बरं करू पाहत होता. ऊन हे औषध, कपडे हा त्यातला अडथळा, असा तो हिशेब. शहराबाहेर स्वस्त जमीन घ्यायची, झाडांचा पडदा करायचा आणि आत ऊन खायचं.

शहराजवळ का नाही, याचंही कारण आहे. १९३० च्या जूनमध्ये हेंडनजवळ वेल्श हार्प तलावाच्या काठी असेच काही जण ऊन खात बसले होते, तर जमावाने येऊन त्यांना हुसकावून लावलं. वर्तमानपत्रांत ती 'सूर्यस्नानाची दंगल' म्हणून गाजली. हा वेल्श हार्प आमच्या मंडळाच्या इमारतीपासून चालत जाण्यासारखा आहे. तिथे मी कितीतरी वेळा बदकं बघत डबा खाल्लाय.

तर तो क्लब. स्टेशनपासून बस नाही. गाडी हवीच. फाटकावर पाटी नाही, आकड्यांचं कुलूप. आत सुंदर गवत, कॅरव्हॅन, लाकडी बंगल्या, आणि मिनिटेन नावाचा एक खेळ, जो नग्नतावाद्यांनीच शोधलाय: टेनिससारखा, पण रॅकेटऐवजी हातात लाकडी खोका घालून खेळायचा. मजा आली. पण मे महिना असूनही चौदा अंश होतं आणि वारा. आपल्यात म्हण आहे ना, उघड्यापाशी नागडं गेलं, सारी रात्र हिवानं मेलं. तीनच्या सुमाराला मी मनात ती म्हणत होतो. इंग्लंडात वर्षातले फार तर बारा आठवडे ही मंडळी खरी उघडी असतात, बाकीचे चाळीस आठवडे ती उघडं असण्याबद्दल बोलतात.

दुसरं असं की तिथले लोक एकमेकांना तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं ओळखतात. गवत कापायच्या पाळ्या लावलेल्या. वार्षिक सभा. स्वयंपाकघर कोण घाण ठेवतं यावर फळ्यावर चिठ्ठी. खजिनदार आणि सचिव एकमेकांशी बोलत नव्हते. मला क्षणभर वाटलं मी आमच्या मंडळातच आलोय, फक्त कुणी सदरा घातलेला नाही. सदस्यत्वाबद्दल विचारल्यावर मला सांगितलं गेलं की आधी काही भेटी, मग समितीपुढे मुलाखत, आणि पत्नी आली तर बरं. नको म्हटलं. एक मंडळ पुरे आहे.

मग फ्रान्स. या वेळी ही आली. "समुद्र आहे ना? मग येते." युरोपातल्या या मोठ्या रिसॉर्टांची सुरुवात १९५० मध्ये मोंतालिव्हेला झाली, बोर्दोजवळच्या अटलांटिक किनाऱ्यावर, आणि १९५३ मध्ये तिथेच नग्नतावाद्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघही स्थापन झाला. आम्ही गेलो ते रिसॉर्ट दुसरं, पण साचा तोच. पाइनचं जंगल, त्यात अख्खं गाव. बेकरी, किराणा, टपाल, सायकली. सकाळी लोक नुसती पायात चप्पल आणि बगलेत लांब पाव घेऊन चाललेले. हिला पहिल्या दिवशी हसू आवरेना, दुसऱ्या दिवसापासून ती किराणामालाच्या भावांवर आली. ती स्वतः अंगाला सुती पंचा लपेटून फिरायची. कुणी काही म्हटलं नाही.

आणि माझं काय झालं? पहिल्याच दुपारी मी भाजलो. कोड आलेल्या जागी रंगद्रव्य नसतं, त्यामुळे ऊन थेट पोळतं. लंडनच्या पूलमध्ये रात्री दिव्याखाली हा प्रश्न कधी आलाच नव्हता, म्हणून मी विसरलोच होतो. अर्ध्या तासात पोटावरचे, मांडीवरचे डाग गुलाबी, रात्री फोड. हिने शिव्या घालत मलम लावलं आणि फर्मान काढलं. उरलेले पाच दिवस मी, फ्रान्समधल्या एका भल्यामोठ्या नग्न रिसॉर्टमध्ये, पूर्ण बाह्यांचा शर्ट, लेंगा आणि टोपी घालून सावलीत बसलो होतो. हजारो उघड्या माणसांत झाकलेला मी एकटा. सगळे वळून वळून बघत होते. पूलवर तर एका शिस्तप्रिय गृहस्थांनी येऊन नम्रपणे सांगितलं की इथे कपडे चालत नाहीत. मी शर्टाची एक गुंडी उघडून दाखवली. त्यांनी माफी मागितली आणि छत्री आणून दिली.

त्या छत्रीखाली बसून मला हा फरक पहिल्यांदा नीट कळला. रिसॉर्ट हा मूळचा सूर्याचा संप्रदाय. त्याला ऊन लागतं, रजा लागते, गाडी किंवा विमान लागतं, पैसे लागतात, आणि बहुधा जोडीदार लागतो. आठवडाभर तुम्ही फक्त 'ते' असता. सकाळी पाव आणतानाही तेच, रात्री भांडी घासतानाही तेच. यात्रेला गेल्यासारखं. शहरातलं पोहणं म्हणजे आठवडी बाजार. सात वाजता जायचं, नऊला केस पुसत बाहेर. साडेनऊला मी बसच्या वरच्या मजल्यावर ओला पंचा पिशवीत घेऊन बसलेला एक सामान्य माणूस असतो. मला नग्नतावादी व्हायचं नव्हतंच, मला पोहायचं होतं. पूल एवढंच मागतो, रिसॉर्ट जरा जास्त मागतो.

शहरातलं सगळंच मला आवडलं असं मात्र नाही. एकदा अशाच कपड्यांशिवायच्या जेवणाला गेलो, एका हॉटेलची वरची खोली घेतलेली. कल्पना नवीन नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात एलिफंट अँड कासलजवळ 'बुनियादी' नावाचं तात्पुरतं रेस्तराँ निघालं होतं, हो, आपल्या बुनियादीवरूनच नाव, आणि त्याची प्रतीक्षायादी चाळीस हजारांच्या वर गेली होती. पॅरिसमध्ये २०१७ च्या नोव्हेंबरात तसलंच एक कायमचं सुरू झालं, ते सव्वा वर्षात बंद पडलं. का बंद पडलं असेल हे मला आमच्या जेवणात सूप आल्यावर कळलं. गरम पातळ पदार्थ आणि उघडी मांडी यांचं जमत नाही. सगळं लक्ष चमच्यावर. शिवाय पोहताना कपडे नसण्याला काही अर्थ आहे, जेवताना तो मला सापडला नाही.

जूनमधली नग्न सायकलफेरी मी रस्त्याच्या कडेला उभं राहून बघितली. लंडनमध्ये ती २००४ पासून निघते, गाड्या आणि तेलाच्या विरोधात. तो मोर्चा आहे. मोर्चाला बघे लागतात, फोटो लागतात. पूलमध्ये नेमकं तेच वर्ज्य. दोन्हींत कपडे नसतात एवढंच साम्य. ब्रायटनला जाऊन आलो. १९८० मध्ये तिथे शहराच्या किनाऱ्यावरच अधिकृत पट्टा दिला गेला, रेल्वेने लंडनहून तासाभरात पोचता येतं. पण सगळी खडी. अनवाणी पाण्यापर्यंत जाणं म्हणजे नवस फेडणं. पॅरिसमधल्या मंडळींचं जास्त बरं आहे. तिथे त्यांना नगरपालिकेच्या रॉजर ल गाल पूलमध्ये राखीव संध्याकाळी मिळतात आणि २०१७ पासून व्हॅन्सेनच्या वनात हिरवळीचा एक तुकडाही, मेट्रोने जाता येईल असा.

मला सगळ्यात मोठा धक्का बसला तो कॉफीच्या मशीनपाशीच. एक निवृत्त ग्रंथपाल येतात, ऐंशीच्या घरातले. मी ठाण्याचा म्हटल्यावर त्यांनी कप खाली ठेवला. "म्हणजे तुम्ही माहेरचेच की," अशा अर्थाचं काहीतरी म्हणाले. मला वाटलं ठाणं म्हणजे दुसरं कुठलंतरी ठाणं. पण नाही, आपलंच. १८९१ मध्ये ठाण्याचा जिल्हा आणि सत्र न्यायाधीश चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड याने 'फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट' नावाची मंडळी स्थापन केली. आधुनिक काळातली, कागदोपत्री नोंद असलेली ही पहिली नग्नतावादी संस्था मानतात. सदस्य तीन. माथेरानला भेटायचे. एडवर्ड कार्पेंटर या इंग्रज विचारवंताला क्रॉफर्डने लिहिलेल्या पत्रांतून हे सगळं कळतं. अंगावर काय चालेल हेही ठरलेलं: अंगठी, चष्मा आणि कवळी. मग साहेबांची बदली रत्नागिरीला झाली आणि संस्था संपली.

माझे वडील ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात नाझर होते. छत्तीस वर्षं. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, वर कोट, मे महिन्यातसुद्धा. त्याच न्यायालयाच्या खुर्चीवरून उठून एक साहेब माथेरानला जाऊन नुसत्या चष्म्यावर फिरत होता, हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी आधी बदलीच्या आदेशाचा क्रमांक विचारला असता. आणि चष्म्याला परवानगी होती! मी एकशे तीस वर्षांनंतर भिंत चाचपत पाण्यात उतरत होतो. दुसऱ्याच रविवारी नंबरचा पोहायचा चष्मा विकत घेतला.

यंदा मंडळात गणपतीला गेलो. आरती झाली, मोदकांची रांग लागली. आमच्यातले एक काका आहेत, बाहत्तरीचे, मधुमेह, गुडघे. मला पाहून म्हणाले, "काय रे, बारीक झालास. पाठ कशी आहे?"

"बरी आहे काका. पोहायला जातो."

"अरे वा. मलाही डॉक्टर दोन वर्षं सांगतोय, पोहा, पोहा." ते थोडे जवळ सरकले, आवाज खाली आणला. "पण मला जमत नाही रे. ती एवढीशी चड्डी घालून चारचौघांत जायचं म्हणजे... या वयात लाज वाटते. तू कुठल्या पूलवर जातोस? तिथे गर्दी असते का फार?"

ही समोर पंगतीत मोदक वाढत होती. तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि परत खाली घातली. तिचे खांदे हलत होते.

"फार नसते," मी म्हणालो. "पण चष्मा लागतो."